बावखलातलं चांदणं

ऐंशीच्या सुमाराची गोष्ट. वसईहून निर्मळला जाणाऱ्या एसटीत माझ्या शेजारी एक शिक्षिका बसल्या होत्या. गळ्यात क्रूस, मांडीवर तपासायच्या वह्या. पण त्या तपासत होत्या रविवारच्या पुरवणीतलं एक पुस्तक-परीक्षण. एका शब्दाखाली त्यांनी तांबड्या पेन्सिलीनं इतकी दाबून रेघ मारली की कागदच फाटला. शब्द होता 'काव्यमय'.

"ही कादंबरी मी वाचलीय," त्या मला म्हणाल्या. "सासरच्या छळाला कंटाळून आमच्याकडची एक सून वाडीतल्या तळ्यात, बावखलात जीव देते. या परीक्षणात तिचं नाव दाखवा बघू."

मी दोन्ही रकाने वाचून काढले. बावखलाच्या पाण्यावर पडलेल्या चांदण्याचं कौतुक होतं, प्रतिमांचं होतं, लेखकाच्या तरल शैलीचं तर विचारू नका! सुनेचं नाव कुठंच नव्हतं. माझंही डोकं फिरलं. कुठल्या डोळ्यांनी वाचतात ही माणसं?

"बाई बुडाली," पुरवणी चुरगाळत त्या म्हणाल्या, "आणि हा काठावर बसून चांदणं बघतोय!"

निर्मळला त्या उतरून गेल्या. तेव्हापासून कुठल्याही परीक्षणात 'तरल' हा शब्द आला, की मी आधी शोधतो, इथं बुडालं कोण?