अर्धलीच्या कोंबड्या

आश्विन लागला की बायाक्काच्या कोंबड्यांकडं बघवत नाही. मान उघडी पडलेली, शेपटीचा पत्ता नाही, पाठीवर नुसती खुंटं. अंगणभर पिसं उडत असतात आणि खुराड्यात अंडं म्हणाल तर औषधालासुद्धा मिळत नाही. ज्याला ठाऊक नाही त्याला वाटावं, साथच आली. बायाक्का मात्र दरवर्षी एकच सांगायची, "जुनं लुगडं सोडलंय त्यांनी. नवं नेसंस्तवर दम धरा की जरा."

बेळगुंदीत बायाक्काचं घर वरच्या गल्लीच्या टोकाला. नवरा सुबराव जाऊन नऊ वर्षं झाली, मुलगा परशराम बेळगावात खासबागला बिऱ्हाड करून. शेत दुसऱ्याला कसायला दिलेलं. राहता राहिल्या सहा कोंबड्या आणि एक कोंबडा. त्यांच्या जिवावर ही बाई गल्लीत एखाद्या सरपंचासारखी मिरवायची. आणि का मिरवू नये? गल्लीतल्या निम्म्या खुराड्यांतल्या कोंबड्यांची आजी-पणजी बायाक्काच्याच खुराड्यातली होती. तिनं जिवंत कोंबडी कधी विकली नाही. मागायला आलेल्या बाईला ती अर्धलीनं द्यायची.

अर्धलीचा रिवाज साधा आहे. कोंबडी माझी, सांभाळायची तू. ती अंड्यांवर खुडूक बसली, पिल्लं निघाली, जरा मोठी झाली की निम्मी माझी, निम्मी तुझी. वाटे घालायचे सांभाळणारीनं आणि आधी निवडायचं मालकिणीनं, म्हणजे वाटे घालताना कुणाचा हात वाकडा होत नाही. मालकिणीनं डालगं, म्हणजे पिल्लांची टोपली, घेऊन वाटा न्यायला स्वतः जायचं. त्या दिवशी चहा होतो, पोहे होतात, पिल्लांचं राहतं बाजूला आणि दोघी सासरमाहेरचं सगळं उकरून काढतात. खरं सांगायचं तर बायाक्काला पिल्लांपेक्षा त्या दिवसाचीच ओढ जास्त. वर्षात अशी सात-आठ घरं तिची वाट बघायची, आणि एकट्या बाईला आणखी काय पाहिजे असतं?

दसऱ्याच्या आदल्या दिवशी परसात मुंगूस शिरलं. बायाक्का काठी घेऊन धावली, रताळ्याच्या वेलात पाय अडकला आणि हातावर पडली. मनगट मोडलं. मुंगूस पळालं, कोंबड्या वाचल्या, पण परशराम बेळगावाहून धावत आला, हाताला प्लॅस्टर घालून आणलं आणि त्याच दिवशी ठरवून टाकलं.

"आई, बास झालं आता. दिवाळीच्या आधीच्या रविवारी गाडी घेऊन येतो. कायमचं चल."

"आनि कोंबड्या?"

"विकून टाकू. वर दुसऱ्या मजल्यावर कुठं ठेवणार?" मग त्यानं अंगणात बघितलं आणि त्याचा चेहरा बदलला. "अगं, ह्या तर रोगी दिसत्यात सगळ्या. कोण घेणार ह्या?"

बायाक्काच्या मनाला हे फार लागलं. हा पोरगा खुराड्याला पाठ लावून अभ्यास करायचा. पिल्लू अंड्यातून टोच मारतंय का, ते कान लावून ऐकायचा. त्याला आता पिसं झडणं आणि रोग यांतला फरक कळेना. पण ती त्याला रागावली नाही. पोरगा वाईट नव्हता, सून राजेश्वरी तर फोनवर रोज हाताची चौकशी करायची. आणि रात्री-अपरात्री पडली तर उचलायला कुणी नाही, हे बायाक्कालाही कळत होतं. ती "व्हय" म्हणाली.

"व्हय" म्हणाली खरी, पण मनात तिनं एक बेत केला होता. कोंबड्या विकायच्या नाहीत. सहाच्या सहा अर्धलीनं द्यायच्या, सहा घरांत. मग वाटा न्यायला यावंच लागेल. परशराम नको म्हणाला तरी रिवाज मोडून कसं चालेल?

दुसऱ्या दिवशी एका कोंबडीला पिशवीत घालून, तिचं बोडकं मुंडकं बाहेर ठेवून, ती मालुबाईकडं गेली. मालुबाई तिची जुनी मैत्रीण. तिनं बसायला पाट दिला, प्लॅस्टरवरून हात फिरवला, डोळ्यांत पाणी आणलं. कोंबडीचा विषय निघाल्यावर म्हणाली, "वाटा कशाला गं आता? विकतच दे की. तू बेळगावची झालीस."

"यीन की मी. यष्टीनं तासाची वाट."

"येतीस कुठली! असल्या हातानं? नातवंडांत रमशील बघ."

मालुबाईनं पैसे काढायला पदराची गाठ सोडायला घेतली तशी बायाक्का पिशवी उचलून उठली. पुढं ऋतिकाच्या दारात तेच. ऋतिका गल्लीतली नवी सून, गोड पोरगी. "आक्का, तुम्ही कशाला त्रास घेताय? सांगा काय द्यायचं ते, मी देते," म्हणाली. तिसऱ्या घरी, चौथ्या घरी, सगळीकडं हीच कथा. कुणी वाकडा शब्द काढला नाही. उलट सगळ्यांनी जीव लावला, कुणी लाडू दिला, कुणी भाकरी बांधून दिली. आणि तिथंच बायाक्काच्या लक्षात आलं की या बायांनी तिला मनातून कधीच गाडीत बसवलं होतं. वाटा ठेवायचा तो परत येणाऱ्या माणसाचा. जाणाऱ्या माणसाचा हिशेब जिथल्या तिथं पुरा करायचा असतो. ती घरी आली, कोंबडी पिशवीतून सोडली आणि उंबऱ्यावर बसून मनसोक्त रडली.

आता एकच घर उरलं होतं, शेजारच्या गुणाबाईचं. तिथं जायचा प्रश्नच नव्हता. अकरा वर्षं दोघींचं वाकडं होतं, आणि तेही या कोंबड्यांवरूनच. गुणाबाई परसात मेथी-कोथिंबिरीचे वाफे करायची आणि बायाक्काच्या कोंबड्या कुंपणाच्या भगदाडातून जाऊन ते उकरायच्या. गुणाबाई कोंबड्यांवर दगड भिरकावायची, दरवर्षी त्या भगदाडात बाभळीच्या काट्या कोंबायची आणि कोंबतानाच्या शिव्या बायाक्काला ऐकू जातील एवढ्या मोठ्यानं द्यायची. बायाक्काही काही कमी नव्हती. "माज्या कोंबड्यांनी उकरलं म्हनून तुजी मेथी उगावती," म्हणायची.

जायच्या आदल्या दिवशी, शनिवारी, दिवस मावळताना बायाक्का कोंबड्या खुराड्यात डालायला गेली तर पाचच भरल्या. सहावी, तुरेवाली, नव्हती. हाका मारून घसा बसला. तेवढ्यात गुणाबाईच अंगणात शिरली, बगलेत तुरेवाली, दुसऱ्या हातात उपटलेली कोथिंबीर.

"बघ! बघ हिचा परताप! आत्ता कुठं हाताला आलेला वाफा!"

"उद्यापास्नं सुटलीस तू," बायाक्का म्हणाली. तिच्या अंगात भांडायची ताकद उरली नव्हती. "दे हिकडं."

गुणाबाईनं कोंबडी दिली नाही. ती खुराड्याजवळ टेकली आणि तुरेवालीच्या उघड्या मानेवरून बोट फिरवत बसली. मग एकदम म्हणाली, "सगळ्या गल्लीत पिशवी घिऊन फिरलीस. माज्या दारात का आली न्हाईस?"

"तुज्या दारात? तू दगड मारनारी बाई!"

"दगड मारतो ते शेजारी हाय म्हनून. परक्याच्या कोंबडीला कोन मारतंय?" गुणाबाईनं नाक पुसलं. "सगळ्या ठेव. सहाबी, कोंबडाबी. अर्धलीनं."

बायाक्का तिच्या शेजारी टेकली. गुणाबाई बोटं मोजायला लागली. "आता पिसं झडाय लागल्यात. संक्रांतीपतुर अंडं न्हाय. मग अंडी घालनार, मग खुडूक बसनार, मग एकवीस दिस. पिल्लं वाटन्याजोगी व्हईस्तवर वैशाख उजाडतोय बघ."

"वैशाख? लई लांब हाय गं. तवर मी हाय का न्हाय..."

"ते मला काय ठावं न्हाय. वाटं मी घालनार, निवडाय तू यायचं. पोराला धाडलंस तर एक पिल्लूबी देनार न्हाय, आधीच सांगतो."

मग तिनं तुरेवालीला खुराड्यात सारलं, दाराला दगड लावला आणि कोथिंबीर बायाक्काच्या ओटीत टाकून निघून गेली.

रविवारी सकाळी परशराम गाडी घेऊन आला. ट्रंक, गादी, देव्हाऱ्यातले देव, सगळं भरलं. अंगणात कोंबड्या तशाच फिरताना बघून त्यानं विचारलं, "विकल्या न्हाईत होय अजून?"

"अर्धलीनं दिल्या. गुणाबाईला. वैशाखात वाटा हाय."

परशराम थांबला. पिसं झडणं आणि रोग यांतला फरक तो विसरला होता, पण अर्धली विसरला नव्हता. लहानपणी आईच्या बोटाला धरून तो प्रत्येक वाट्याला गेलेला. "म्हणजे वैशाखात रजा टाकायला लागणार मला," एवढंच म्हणाला आणि गादीची दोरी परत आवळली.

गाडी वळताना बायाक्कानं काचेतून परसाकडं बघितलं. गुणाबाई कुंपणापाशी ओणवी होती. अकरा वर्षं कोंबलेल्या बाभळीच्या काट्या ती एकेक करून उपसत होती, हाताला टोचलं की काट्यांना शिव्या देत होती. कोंबड्या रात्रीच्या आपल्या जुन्याच खुराड्यात जाणार, त्यांना वाट नको का? निम्मं भगदाड मोकळं झालं होतं आणि तुरेवाली त्यातून वाफ्याकडं निघालीसुद्धा होती.

बायाक्कानं काच खाली करून हाक मारली, "गुने, येतो गं!"

गुणाबाईनं मान वर केली नाही. काटी ओढता ओढताच ओरडली, "येताना मोकळी येऊ नको! डालगं घिऊन ये, मोठं!"