डोंगराचं गाव

"नेर, दिग्रस, पुसद. तिन्ही ठिकाणी दोन-दोन जागा आहेत. कुठं जाता ते तुम्हीच ठरवा आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर सांगा," असं शिक्षण कचेरीतले साहेब म्हणाले तेव्हा मी ह्यांच्याकडं पाहिलं आणि हे माझ्याकडं. मास्तराला गाव कुणी विचारत नसे. बदलीचा कागद आला की ट्रंक आणि वळकटी उचलायची, एवढंच आम्हाला ठाऊक. पण साहेब वेगळ्या वळणाचे होते. आम्हा दोघा शिक्षकांचं लग्न झाल्याचं त्यांनी ऐकलं होतं, नवराबायकोला एका गावात ठेवावं असं त्यांच्या मनात आलं होतं, आणि यवतमाळात एकच जागा रिकामी होती.

कचेरीच्या फाटकाबाहेर आल्यावर मी चक्क टाळी वाजवली. एक सायकलवाला वळून बघायला लागला. हे म्हणाले, "अगं, रस्ता आहे."

आमच्या लग्नाचं सांगायला हवं, नाहीतर गाव निवडण्यात एवढं काय होतं ते कळायचं नाही. मी यवतमाळची. घरात तीन पिढ्या कारकुनी आणि वकिली. हे दिग्रसजवळच्या एका तांड्यावरचे. ह्यांच्या आजोबांच्या वडिलांनी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलुख पालथा घातला होता, आजोबांनी बैल नांगराला जुंपले, आणि हे तांड्यातले पहिले मास्तर. एका शिबिरात आमची ओळख झाली आणि दोन वर्षांनी आम्ही नोंदणी करून लग्न केलं. माझे वडील साक्षीदार म्हणून सही करायला आले. आई आली नाही, पण तिनं डब्यात करंज्या पाठवल्या. तेव्हा महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं आणि जो तो नव्या गोष्टींबद्दल बोलत होता, म्हणून असेल, पण आम्हाला वाटत होतं की आपणही त्या नव्यातलेच.

वडिलांनी मला एक खोड लावली होती, डोंगर चढायची. यवतमाळच्या भोवती टेकड्या आहेत. पहाटे उठून ते मला घेऊन निघत. मी मोठी झाले, साडी नेसायला लागले, तेव्हा शेजारणी आईला म्हणाल्या, "पोरीले आता काहून नेतात जंगलात?" वडील म्हणाले, "पाय आहेत म्हणून." तेवढ्यावर तो विषय मिटला.

त्यामुळं माझी पहिली अट डोंगर. ह्यांची पहिली अट वाचनालय, आणि तेही उघडं राहणारं. काही गावांत वाचनालयाची किल्ली अध्यक्षांच्या बंडीत असते. वीज असली तर दोघांनाही हवीच होती, दवाखाना हवा होता. आणि एक अट दोघांची मिळून होती. ती आम्ही कधी मोठ्यानं बोललो नाही. ह्यांची आई, जिला सगळा तांडा 'याडी' म्हणजे आई म्हणतो आणि मीही म्हणायला लागले होते, ती आपल्या आरसे लावलेल्या लाल घागऱ्यात, हातभर पांढऱ्या बांगड्या घालून समोरच्या दारानं आत येऊ शकेल, असं घर.

सुट्टी लागल्याबरोबर आम्ही आधी नेरला गेलो. नेरचं वाचनालय पाहून हे हरखून गेले. कपाटांना कुलपं नव्हती! वर्तमानपत्रं काठीला लावून नीट टांगलेली, आणि एक म्हातारे गृहस्थ दुसऱ्याला अग्रलेख वाचून दाखवत होते. घरही मिळत होतं, हवेशीर, दोन खोल्यांचं. घरमालक शेतकरी होते, अगत्याचे. मी मात्र गच्चीवर गेले आणि चारी बाजूंनी बघत राहिले. नजर पोचेल तिथवर कपाशी. फुटलेली बोंडं उन्हात पांढरीशुभ्र दिसत होती, सुंदरच, पण सगळं सपाट.

"काय पाहून राह्यल्या, मास्तरीणबाई?" घरमालकांनी विचारलं.

"इथं जवळपास डोंगर नाही का?"

"डोंगर? कायले पायजे?"

"चढायला."

"चढून?"

"चढून उतरायचं."

ते ह्यांच्याकडं वळून अगदी कळवळ्यानं म्हणाले, "मास्तर, बाई हौशी दिसते."

परतीच्या मोटारीत हे नेरचं गुणगान करत होते. मी ऐकून घेतलं आणि म्हटलं, "अजून दोन गावं बघायची आहेत." मला तेव्हा कळलं नाही, पण ह्यांच्या मनात नेर पक्कं व्हायला आणखी एक कारण होतं.

दोन दिवसांनी आम्ही दिग्रसच्या वाटेला लागलो. आधी तांड्यावर उतरलो, कारण मी हट्ट धरला होता की याडीला बरोबर न्यायचं. हे म्हणाले, "तिला कशाला त्रास?" पण याडी तोवर तयारही झाली होती. ठेवणीतला घागरा, केसांत चांदीची घुंगरं, कपाळावर ओढलेली ओढणी. ती चालायला लागली की किणकिण वाजे. मोटारीत बसल्यावर तिनं खिडकी धरली ती सोडली नाही.

दिग्रसला तेव्हा जिनिंगचा हंगाम जोरात होता. कापसाच्या गाड्यांची रांगच रांग, हवेत तंतू उडतायत, बैल, व्यापारी, चहाची दुकानं. विजेचे दिवे होते, सिनेमा होता, कापडाची दुकानं तर विचारू नका. मला गाव आवडलं. एका मास्तरानं सांगितलेलं घर बघायला गेलो. घरमालकीण हसतमुख. स्वयंपाकघर दाखवलं, न्हाणी दाखवली, मला कुंकू लावलं. मग तिचं लक्ष याडीकडं गेलं. याडी अंगणात उभी राहून तुळशीकडं बघत होती.

"बाई कामाले आणली काय?"

"माझ्या सासूबाई आहेत," मी म्हटलं.

ती ह्यांच्याकडं बघत राहिली, मग माझ्याकडं. हसू गेलं नाही, पण जागच्या जागी थिजलं. "असं काय. मंग... तसं माह्या मनात काई नाई, बरं का. पण शेजार हाय नं आमचा. त्या येतील तवा मांगच्या दारानं आल्या तं चालन."

मी काहीतरी बोलणार तोच हे शांतपणे म्हणाले, "घर चांगलं आहे, पण आम्हाला नाही जमणार. येतो आम्ही." आणि आम्ही बाहेर पडलो. रस्त्यावर मी रडकुंडीला आले होते. याडीला अंगणातून नीट ऐकू आलं नव्हतं, तिनं विचारलं, "काय म्हने ते?" ह्यांनी त्यांच्या बोलीत सांगितलं. मला वाटलं, आता हिला लागेल. तर ती खो-खो हसायला लागली. मग माझ्या हाताला धरून म्हणाली, "पोरी, तिचं मांगचं दार पाह्यलं म्या. माहा घागरा जात नाई त्याच्यातून!"

दिग्रस म्हणजे काही ती एकच बाई नव्हती. आम्ही शोधलं असतं तर दुसरं घर मिळालंही असतं. पण त्या दिवशी शोधायची इच्छा उरली नाही. पुसदची मोटार उभी होती, तिच्यात चढलो.

आणि मग तो रस्ता आला. सपाट शेतं मागं पडली, दोन्ही बाजूंना साग सुरू झाला, चढ लागला, वळणं लागली. मोटार कण्हत-कुंथत वर गेली आणि एका वळणावर एकदम खाली सगळी दरी उघडली. मध्ये गाव, गावाला वळसा घालून गेलेली नदी, आणि भोवताली जिकडं बघावं तिकडं डोंगर. एक संपतो न संपतो तोच दुसरा, त्याच्यामागं निळसर तिसरा. मी जागेवरून उठलेच. कंडक्टर ओरडला, "बाई, खाली बसा, पडसान!" मी बसले, पुन्हा उठले. ह्यांचा दंड मी इतका घट्ट धरला होता की ते म्हणाले, "अगं, हात माझा आहे, दांडा नाही."

पुसदमध्ये गावाच्या टोकाला एका वकिलीणबाईंचं घर होतं. वकील वारले होते, मुलं नागपूरला. बाई नऊवारीत, पांढरे केस, आवाज मात्र हवालदाराचा. दारात आम्हा तिघांना बघून म्हणाल्या, "किती जण राहणार?"

"दोघं. आणि ह्या माझ्या सासूबाई, येऊन-जाऊन."

त्यांनी याडीला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"हे आरसे हातानं टाचता की मशीनवर?"

"हातानं," याडी म्हणाली.

"मग डोळे चांगले आहेत तुमचे. माझे गेले. आत या, उन्हातून आलात. विहिरीचं पाणी गार आहे, दोर तिथंच आहे, घ्या ओढून. मला आता ओढवत नाही."

याडीनं दोर हातात घेतला, बादली सोडली, रहाट करकरला. तिनं पाणी काढलं, पाय धुतले, मग बाईंच्या तांब्यात पाणी ओतलं. वकिलीणबाई ते घटाघटा प्यायल्या आणि घराबद्दल बोलायला लागल्या. वीज आहे, पण वाऱ्यात जाते. दवाखाना चालत पाच-दहा मिनिटांवर. वाचनालय उघडं असतं, "पण बायका जात नाहीत. मी जाते. मला बघून दोघं-चौघं उठून बाहेर जातात, त्यामुळं बसायला जागा चांगली मिळते."

मी हसून ह्यांच्याकडं बघितलं. हे हसत नव्हते.

घराच्या मागंच डोंगर होता. "आधी वर जाऊन येऊ, मग ठरवू," मी म्हटलं. तिघंही निघालो. वाट झुडपांतून जात होती आणि सीताफळं पिकली होती, हात लावला की गळून पडत. याडी अनवाणीच, घागरा एका हातानं उचलून पुढं. मी तिच्या मागं. हे सगळ्यांत शेवटी, धापा टाकत. वर एका कातळावर आम्ही बसलो, सीताफळं फोडली, बिया थुंकत राहिलो. वारा इतका होता की ओढणी फडफडायची.

"आता सांगा, नेर का म्हणता?" मी विचारलं.

ह्यांनी आणखी एक सीताफळ फोडलं. मग म्हणाले, "पुसदला राहिलो तर सगळा तांडा घरी येईल. कुणाचा कोर्टाचा तारीख-वायदा, कुणाचा दवाखाना, कुणाचा बाजार. रोज चार जण ओट्यावर. तुला सवय नाही. दोन महिन्यांत वैतागशील. मग तुझं तोंड उतरलेलं मला बघवणार नाही." हे मराठीत बोलले, पण याडीला सगळं कळत होतं.

"बापा!" याडी म्हणाली. "तांड्याले काय काम नाई? कपाशी वेचाची कोणं? तुह्या ओट्यावर बसून काय भेटते? तुह्या बायकोच्या हातचा चहा? पातळ करते थे." मग माझ्याकडं वळून, "येतील दोघं-चौघं. नाई जमलं तं सांग, नाई जमत. तोंड दिलं हाय नं देवानं."

"आणि तुम्ही? तुम्ही तर राहायला याल ना?" मी म्हटलं. माझ्या मनात सगळं त्याच्यासाठीच चाललं होतं.

"मी? कायले? माह्या म्हशी कोण पाहीन?" तिला खरंच नवल वाटलं. "मी तं मोटारीत बसाले आलती."

हे हसायला लागले ते थांबेनातच. मीही. खाली गाव दिसत होतं, चुलींचा धूर वर येऊ लागला होता, नदीवर ऊन चमकत होतं. हे म्हणाले, "जाऊ दे. पुसद." मी त्या कातळावरच उभी राहून ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. समोरच्या डोंगरावरून ते परत आलं, आणि याडीनंही मग दोन्ही हात तोंडाशी नेऊन एक अशी आरोळी ठोकली की खालची कुत्री भुंकायला लागली.

तर आम्ही पुसदला राहिलो. तांड्यावरची माणसं येत, ह्यांना वाटलं होतं त्याहून कमी आणि मला वाटलं होतं त्याहून जास्त. कधीकधी मी वैतागले, आणि तसं सांगितलंही. ती गेली, पुन्हा आली, येताना भाजी घेऊन आली. वाचनालयात मी वकिलीणबाईंच्या शेजारी बसू लागले. पुढं शाळेतल्या दुसऱ्या एक बाई येऊ लागल्या, मग पोस्टातल्या साहेबांची बायको. बाहेर उठून जाणारे जायला कंटाळले आणि बसून राहू लागले.

रविवारी आम्ही डोंगरावर जात असू. पहिल्या काही रविवारी गल्लीतले लोक दारात येऊन बघत. "काय हरवलं, मास्तर?" एक जण दर वेळी विचारी. थंडी सरत आली तेव्हा एका सकाळी वकिलीणबाई अंगणात तयार उभ्या दिसल्या, हातात काठी, पायांत वकीलसाहेबांचे जुने बूट.

"लग्न होऊन आल्यापासून चुलीपुढून हा डोंगर बघतेय," त्या म्हणाल्या. "कुणी म्हटलंच नाही, चल म्हणून. तुम्हीसुद्धा नाही."

आम्ही शरमलो आणि त्यांना मध्ये घेऊन निघालो. फार वेळ लागला. दर वळणावर त्या थांबत, काठीवर रेलत, शिव्या देत आणि पुन्हा चालू लागत. वर पोचल्यावर त्या कातळावर बसल्या नाहीत, काठावर जाऊन उभ्या राहिल्या. खाली त्यांचं कौलारू घर बोटाएवढं दिसत होतं. तिकडं त्यांनी एकदाच पाहिलं. मग काठी उचलून दरीपलीकडं रोखली.

"तो पलीकडचा," त्या हवालदारी आवाजात म्हणाल्या. "त्याला किती वाजता निघावं लागेल?"