चावडीचा ॲडमिन आणि तांत्रिक बिघाड

हातातला चहा आधी खाली ठेवा. मागच्या वेळी हा किस्सा सांगितला तेव्हा आमच्या शेजाऱ्याच्या नाकातून चहा आला होता. आणि मी काही दुसऱ्या कोणाची फजिती सांगत नाहीये. माझीच आहे. अख्ख्या सासुरवाडीसमोर, माईकवर झालेली.

गोंदियात माझं फ्लेक्स छापायचं दुकान आहे. वाढदिवस, लग्न, निवडणूक, सगळं छापतो, पण जीव अडकलाय नाटकात. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे विदर्भाच्या या पूर्व टोकाला, दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते. मंडई म्हणजे भाजीबाजार नाही बरं का. दिवसा जत्रा, दंडारीचा नाच, जिलबी, उकडलेले शिंगाडे, माहेरी आलेल्या लेकीबाळी, आणि रात्री नाटक. आज या गावाला, उद्या त्या गावाला. आता कोणत्या गावात कधी, कोणाचं नाटक, हे माणसाला कळणार कसं? म्हणून मी व्हॉट्सॲपवर ग्रुप काढला, 'मंडई चावडी'.

आणि काय जमली हो ती चावडी! शेतकरी, मास्तर, नर्सबाया, तबलजी, मेकअपवाले. प्रेक्षक आणि नट एकाच ठिकाणी. रात्री ज्यानं सुनेला विष पाजलं, तो सकाळी हात जोडून 'सुप्रभात' टाकायचा. ग्रुपच्या माहितीत मी ठसक्यात लिहून ठेवलं होतं : 'इथे ज्याला जे वाटेल ते त्यानं बोलावं. कोणाचीही पोस्ट काढली जाणार नाही.' कॉलेजात असताना भाषणस्वातंत्र्यावर बोलून एक कप जिंकला होता मी. कप गंजला, पण डोक्यातली हवा काही गेली नव्हती.

आणि मग एका सकाळी पुष्पाताईंनी लिहिलं.

पुष्पाताई मेश्राम म्हणजे जिल्हा परिषद शाळेच्या निवृत्त बाई. थंडीत शाल गुंडाळून पुढच्या रांगेत बसणार, नाटक शेवटपर्यंत पाहणार, आणि सकाळी ग्रुपवर लिहिणार. लिहिणं असं की ज्याच्याबद्दल लिहिलं त्याला सोडून सगळ्यांना हसू यावं. त्या दिवशी 'वहिनी, गाव सोडू नका' या नाटकाबद्दल त्यांनी टाकलं :

'नाटक बरं आहे. पण शेवटी हिरो मरायले किती वेळ लावते? माझ्या बाजूची बाई झोपली, उठली, चहा पिऊन आली, तरी हा मरूनच राहिला होता. वरतून कॉलेजातला पोरगा म्हणे. त्याच्या गुडघ्याचा आवाज माईकमधून येऊन राहिला होता.'

ग्रुपवर हसणाऱ्या तोंडांचा पाऊस. मीसुद्धा एक टाकलं. आणि तेवढ्यात फोन वाजला. देवाजीभाऊ. म्हणजे तोच हिरो. नाटक मंडळी त्यांचीच, आणि वय माझ्या मोठ्या भावाएवढं.

"वाचलं का तुमी?"

"कोणतं, भाऊ?"

"हसणारं तोंड टाकलं ना तुमी त्याच्यावर. मंग विचारता कायले?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"हे पाहा, संध्याकाळच्या आत ते निघालं पायजे. नाही तर मी जातो ग्रुपवरून, आन् माझ्यासंगं सारे कलावंत जातील. मंग बसा तुमी आपल्या चावडीवर माशा हाकलत."

फोन ठेवतो तोच पुष्पाताईंचा. देवाजीभाऊंनी कोणाला तरी बोलून दाखवलेलं त्यांच्या कानावर गेलंच होतं.

"माझी पोस्ट काढून राहिले का तुम्ही?"

"छे छे, ताई. तत्त्व म्हणजे तत्त्व."

"बरं. कारण काढली तर मी जाईन, आणि पाहणारे सारे माझ्यासोबत येतील."

म्हणजे बघा. काढली तर नाटक पाहणारे जाणार, ठेवली तर नाटक करणारे जाणार. एवढ्या हौसेनं जमवलेली चावडी, आणि दोन्हीकडून तिचं छप्पर ओढलं जात होतं.

आमची सौ. सुनंदा माहेरी जायला निघाली होती. दरेकशाकडे तिचं गाव, त्या दिवशी तिथे मंडई. पिशवी भरता भरता ती म्हणाली, "अजी, दोघायलेही एका जागी बसवा. चहा पाजा. बोलतील ना ते आपसात."

"तुला नाही समजणार. हा तत्त्वाचा प्रश्न आहे."

"चहाचाच आहे," ती म्हणाली आणि बस पकडायला गेली.

दुपारी दुकानात बसून मी एक डाव रचला. इतका हुशार डाव की माझा मलाच अभिमान वाटला. देवाजीभाऊंना गुपचूप एक मेसेज, आणि ग्रुपवर उघड एक भाषण. दोन्ही डगरींवर हात. पहिला मेसेज मी असा लिहिला :

'भाऊ, रागावू नका. ताईंची पोस्ट मी चुपचाप काढतो. कोणी विचारलं तर तांत्रिक बिघाड झाला म्हणतो. ताईंचं मनावर घेऊ नका, त्यांना नाटकातलं काय समजते? तुम्ही मरता तसं अख्ख्या झाडीपट्टीत कोणाला मरता येत नाही.'

शेवटचं वाक्य तर मी दोनदा वाचलं. काय लिहितो यार आपण, असं वाटलं. पाठवलं. आणि मग वर नाव पाहिलं.

मंडई चावडी.

देवाजीभाऊंना नाही, अख्ख्या ग्रुपला गेला होता तो. बोटांना शाई लागलेली, स्क्रीन नीट दिसेना. मेसेजवर बोट दाबून धरलं, डिलीट आलं, त्याखाली काहीतरी दोन-तीन पर्याय आले, जो बोटाखाली आला तो दाबला. मेसेज गायब. मी खुर्चीत मागे टेकलो. वाचलो बुवा.

पण एखाद्यानं पाहिला असेल तर? तो विचारेल, मग दुसरा विचारेल. म्हणून मी सेटिंगमध्ये गेलो आणि करून टाकलं : फक्त ॲडमिनच मेसेज पाठवू शकतील. थोडा वेळच हो. डोकी शांत होईपर्यंत.

आता देवाजीभाऊंना तोच मेसेज पुन्हा लिहून, नाव चांगलं तपासून पाठवला. पोस्ट रात्री काढू, एवढ्यात नको, असं ठरवलं. आणि शेवटी ग्रुपवर टाकलं ते भाषण. त्यातला एक तुकडा सांगतो, पूर्ण सांगायची आता हिंमत नाही : 'कोणा नटाच्या रुसव्याला भिऊन ही चावडी प्रेक्षकाचं तोंड दाबणार नाही. एक वेळ चावडी बंद पडली तरी चालेल, पण बोलणाऱ्याचा हक्क मी मरेपर्यंत जपेन.'

हे कुठे टाकलं मी? ज्या ग्रुपवर माझ्याशिवाय कोणाला बोलायची सोय नव्हती, तिथे.

मधे सुनंदाचे फोनवर फोन येत होते. मी कापत होतो. म्हटलं, हिला साडी नाही तर सुपारी विसरल्याची आठवण झाली असेल. इकडे इतिहास लिहून राहिलो अन् हिचं काय मधे? देवाजीभाऊंच्या मेसेजवर निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही. म्हणजे निवळले. ग्रुपवर चिडीचूप. म्हणजे भारावले. दुकान बंद केलं, फोन खिशात टाकला आणि गाडीला किक मारून निघालो सासुरवाडीला. रस्ताभर गात होतो म्हणा ना.

गावच्या वेशीवर शिंगाडे विकणारा आमच्याच ग्रुपवरचा. मला पाहून तो उभाच राहिला.

"जवाईबापू, वाचलं आमी."

"वाचलंत? कसं वाटलं?"

"असं लिहायले लय हिंमत लागते."

"मनात होतं ते लिहिलं," मी नम्रपणे म्हणालो.

"तेच तर. मनातलं बाहेर आलं." आणि तो इतका हसला की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं गहिवरला.

पुढे दंडारीचा ढोलकीवाला भेटला. त्यानं हात हातात घेतला. "भैया, क्या लिखा है आपने. पूरे गाव को पढके सुनाया मैंने."

"अरे, इतकं काय त्यात?"

"नहीं नहीं, ऐसी चीज रोज कहाँ मिलती है."

माझी छाती शर्टात मावेना. तुम्हीच सांगा, मावली असती का? लांबून सुनंदा बायकांच्या घोळक्यातून हात हलवून मला बोलावत होती. मीही हात हलवला. पुढाऱ्यासारखा. ती कपाळावर हात मारून खाली बसली. गर्दीत लेकीबाळींचं असं होतंच, म्हटलं ऊन लागलं असेल.

तेवढ्यात माझा साळा सुरेश, मंडई समितीतला, मला धरून स्टेजवर घेऊन गेला. उद्घाटनाचे हारतुरे चालू होते. त्यानं माईक घेतला. "आपले जवाईबापू आले आहेत. मंडई चावडीचे ॲडमिन. बोलायच्या हक्कावर दोन शब्द सांगतील."

समोर अख्खं गाव. पुढच्या खुर्च्यांवर कोण? पुष्पाताई. आणि त्यांच्या शेजारी, एकाच पुड्यातून आलूबोंडे खाताना, देवाजीभाऊ. त्या रात्रीचं नाटक त्यांचंच होतं. मी मनात म्हटलं, पाहा, माझ्या भाषणाची ताकद पाहा. एका पुड्यात आणले दोघांना.

मी बोलायला लागलो. "मित्रहो, मी कोणाचीही पोस्ट काढली नाही."

टाळ्या.

"आणि काढणारही नाही."

हशा. पोटं धरून हशा. लाडूएवढं बाळ मांडीवर घेतलेली एक म्हातारी हसता हसता त्या बाळालाच हलवून राहिली होती. मला वाटलं, आज आपण रंगात आहोत. मी आणखी जोरात म्हणालो, "चावडीवर तांत्रिक अडचण येऊ शकते, पण तत्त्वाची अडचण येणार नाही."

बस. लोक खुर्च्यांवरून खाली घसरले. 'तांत्रिक' शब्द कुठून तोंडात आला देव जाणे.

पुष्पाताई उठल्या. चष्मा नीट केला, फोन डोळ्यांसमोर धरला, आणि वर्गात धडा वाचतात तशा स्पष्ट आवाजात वाचायला लागल्या. "भाऊ, रागावू नका. ताईंची पोस्ट मी चुपचाप काढतो..."

"ताई, ते तर मी डिलीट केलं होतं," असं माझ्या तोंडून निघालं. माईकमधून. गावभर.

"तुमच्या फोनमधून केलं असेल," ताई म्हणाल्या. "डिलीट फॉर मी दाबलं तुम्ही. आमच्या साऱ्यायच्या फोनमध्ये आहे. आणि त्याच्या खाली लिहून आलं, फक्त ॲडमिन बोलू शकतात. आणि त्याच्या खाली तुमचं स्वातंत्र्यावरचं भाषण." त्यांनी फोन खाली केला. आवाजही खाली आला. "हसलो आम्ही लय. पण मले नाटकातलं काय समजते, हे वाचून बरं नाही वाटलं. बापाच्या खांद्यावर बसून पाहत आली मी नाटकं."

हशा थांबला. मी म्हटलं, "ताई, चुकलं माझं." माईकवरच म्हटलं. खोटंही तिथंच बोललो होतो ना.

मग देवाजीभाऊ उठले. मी डोळे मिटले. पण ते म्हणाले, "दुपारी मले दोनदा आला तो मेसेज. एकदा ग्रुपवर, एकदा घरपोच. मंग ते भाषण वाचलं, नटाचा रुसवा म्हणे. डोकं फिरलं. म्हटलं, दोघायलेही फसवून राहिला हा माणूस. मी सरळ ताईले फोन लावला. पहिल्यांदा बोललो आमी. ताईनं विचारलं, भाऊ, तुमचे गुडघे दुखतात का? दुखतात ना. चार वर्षं झाली, कोणी विचारलंच नाही." ते माझ्याकडे वळले. "ताईची पोस्ट राहू द्या. खरी आहे. आज मी लवकर मरणार."

रात्री खरंच ते झटक्यात मेले आणि शिट्ट्यांनी मांडव दणाणला. पण ते नंतरचं. तेव्हा मी स्टेजच्या पायऱ्या उतरलो तर खाली सुनंदा, हातात चहाचे दोन कप.

"फोन काऊन कापून राहिले होते?"

"मला वाटलं, साडी विसरली असशील."

"तुमाले सांगासाठीच करून राहिली होती. सारा गाव वाचून राहिला, अन् तुमी फोन कापता." तिनं एक कप मला दिला, दुसरा देवाजीभाऊंना. पुष्पाताईंसाठी तिसरा आणायला स्वतः मला पाठवलं.

तिथेच, सगळ्यांसमोर, मी ग्रुप उघडा केला. दुपारपासून कोंडलेले मेसेज असे धडाधड पडायला लागले की फोन तापला. एकही माणूस ग्रुप सोडून गेला नव्हता. सुरेश म्हणाला, एवढी मजा सोडून कोण जाईल? ठरलं एवढंच की दुसरा ॲडमिन पुष्पाताई.

ताईंनी ॲडमिन झाल्यावर पहिलं काम केलं ते माझा तो मेसेज ग्रुपच्या माथ्यावर पिन करायचं. मुदत संपली की त्या पुन्हा करतात. नवीन कोणी आला की ताई त्याला तो वेगळा पाठवतात; तो आधी वाचतो, मग मला नमस्कार करतो, आणि मग हसतो.

अख्ख्या चावडीवर तो मेसेज दिसत नाही असा माणूस एकच. मी. माझ्या फोनमधून तर तो कायमचा गेलाय, देवाजीभाऊंना वेगळा पाठवलेलाही मी लाजेनं पुसून टाकला. वाचावासा वाटला की सुनंदाचा फोन मागावा लागतो, आणि ती तो नुसता देत नाही, मोठ्यानं वाचून दाखवते.