मागच्या बाईचे संवाद

जगनकाकांशी माझी पहिली भेट भिंतीतून झाली. ठाकुर्लीच्या नव्या घरात आम्ही सामान लावत होतो, तेवढ्यात संध्याकाळी साडेसातला पलीकडून एक बाई कडाडली, "मी या घराची सून आहे!" त्या आवाजाने माझ्या चहावरची साय फाटली, भिंतीवरचं कॅलेंडर दोन महिने पुढे गेलं आणि तळमजल्यावरचं कुत्रं घर सोडून पळालं, ते म्हणे कल्याणला सापडलं. शेजारी खून होतोय असं समजून मी धावत जाऊन बेल दाबली. सतरा वेळा दाबली. दार उघडलं ते जाहिराती लागल्यावर. समोर बनियनमधले, सत्तरीचे, हातात रिमोट धरलेले गृहस्थ. मला दम लागला होता, तोंडातून आवाजच फुटेना, नुसते ओठ हलले. त्यांनी त्या ओठांकडे रोखून पाहिलं आणि म्हणाले, "या, बसा. खून नाही, मालिका आहे."

काकांनी विठ्ठलवाडीकडच्या एका कापडगिरणीत चौतीस वर्षं माग चालवले. शंभर माग एकदम खडखडत असताना ऐकू येण्याची सोय नव्हती, त्यामुळे तिथे सगळे एकमेकांचे ओठ वाचून बोलत. सहा माग पलीकडचा माणूस आज डब्यात काय आहे ते सांगे आणि ते इकडे कळे. निवृत्तीच्या दिवशी गिरणीने काकांना एक घड्याळ दिलं आणि दोन्ही कान ठेवून घेतले.

मुलीने, म्हणजे अमृताने, नौपाड्यातून कानाचं मशीन आणून दिलं होतं. त्यातून काकांना कुकर ऐकू आला, पंखा ऐकू आला आणि त्यांच्या बायको रंभाकाकू ओट्याशी स्वतःशी काय पुटपुटतात तेही ऐकू आलं. मशीन कपाटात गेलं.

माझ्यानंतर सोसायटीनेही तक्रार केली आणि आवाज वीसच्या वर न्यायचा नाही असं ठरलं. काकूंना वीस भरपूर. काकांना वीस म्हणजे मुका टीव्ही. काकू दिवसभर बचतगटात, काका दिवसभर बुद्धविहाराच्या कामात, दोघं शेजारी बसत ती या अर्ध्या तासात. आता तिथेही काका पाहुण्यासारखे.

"काय म्हणाली ती?"

"जाहिरातीत सांगते."

जाहिरातीत काकू भात बघायला जात.

"अगं, काय म्हणाली?"

"नाही म्हणाली."

"दहा मिनिटं रडून नुसतं नाही?"

तिसऱ्या दिवशी काकांनी आपली खुर्ची टीव्हीच्या पार नाकाशी नेली, काकूंची तिच्या शेजारी ओढली आणि जाहीर केलं, "मला कुणी काही सांगू नका." मालिकावाले एकेक चेहरा तीन-तीनदा जवळून दाखवतात. काका सगळं घडाघडा वाचू लागले. पण खरी गंमत पुढेच होती. लग्नाचा प्रसंग होता, सनई वाजत होती, नायिका रडत होती आणि काका एकदम हसले.

"काय झालं?" काकू म्हणाल्या.

"मागची हिरव्या साडीतली म्हणतेय, नथ टोचतेय मेली, पण परत द्यायचीय."

गर्दीतल्या माणसांना खोटंखोटं बोलायला सांगतात, आवाज काही घेत नाहीत. ती बिचारी मनातलं बोलून टाकतात. ते फक्त जगनकाकांनाच कळत होतं.

"आणि ती निळी?"

"विचारतेय, डोंबिवलीला कोण सोडणार का."

"अगंबाई! आणि भटजी?"

"नवरदेवाला म्हणतोय, पाय काढ, माझी चप्पल आहे."

काकूंना हसून ठसका लागला. मीही रोज आपला चहा घेऊन तिकडे जाऊ लागलो. नायिका कॅमेऱ्याच्या मधे आली की काकू ओरडत, "सरक गं बाई, मागचं दिसत नाही!" आणि काकांना कोपराने ढोसत, "अहो, सांगा ना!" जाहिरातीत भात आता काका बघत. काकू जागच्या हलायला तयार नसत.

असं चार महिने चाललं. मग मालिका संपली. त्या वेळेला जी नवी लागली ती दक्षिणेतली, मराठीत आवाज चढवलेली.

"ही माफी मागत नाहीये," काका म्हणाले.

"मागतेय! मी ऐकतेय ना!"

"मी बघतोय ना! आणि मागचा तर काहीतरी भलतंच बोलतोय, मला एक अक्षर कळत नाही."

"मग काय उपयोग तुमचा?"

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी चहा संपवला.

तीन दिवस काका जिद्दीने खुर्ची पुढे ओढून बसले. चौथ्या दिवशी काकूंनी टीव्ही बंद केला. आता साडेसातला ती दोघं जेवून घेतात.