महाबळेश्वरच्या गच्चीवरची सुकेळी

माघ महिन्यात सकाळी दहानंतर आमच्या आगाशी गावाच्या वाटेनं चालून पाहावं. वाऱ्याला एक गोडी येते. ती फुलांची नसते, उन्हात बसून घाम गाळणाऱ्या केळ्यांची असते. पिकलेली राजेळी केळी सोलून बांबूच्या मांडवावर मांडायची, दुपारी एकेक करून उलटायची, ऊन उतरलं की गोळा करून पानांत गुंडाळून ठेवायची आणि सकाळी पुन्हा मांडायची. सात दिवस ही सेवा केली की मधाच्या रंगाची सुकेळी हाती येतात. हे काम आमच्या गावासारखं कुठं होत नाही, असं आम्ही सगळे म्हणतो. आणि गावात ते जयवंत चुरींसारखं कुणाला येत नाही, असं जयवंत चुरी म्हणतात.

एकसष्ट वर्षांच्या आयुष्यात हा माणूस चालू मांडव सोडून गेला तो फक्त एकदा, स्वतःच्या लग्नाला. त्या दिवशी आभाळ आलं होतं म्हणून. ऊन असतं तर आशालताबाई अजून माहेरीच असत्या.

या आशालताबाईंचं पस्तीस वर्षांत एकच मागणं होतं. "एकदा कुठंतरी जाऊ या. जिथं तुम्ही माझ्याशेजारी बसाल आणि मधेच उठणार नाही." जयवंत शांतपणे ऐकायचे, "जाऊ, जाऊ" म्हणायचे आणि केळी उलटायला उठायचे.

दोन हजार तीनच्या फेब्रुवारीत त्यांच्या मुलानं, हर्षवर्धननं, महाबळेश्वरला चार दिवसांसाठी खोल्या घेतल्या. हर्षवर्धन अंधेरीला विम्याच्या ऑफिसात. शिकलेला मुलगा, त्यामुळे सुट्टी कशी घ्यावी हेही शिकलेला.

"बाबा, सुट्टी म्हणजे सुट्टी. कामाचा विचारसुद्धा करायचा नाही. डोकं पार रिकामं करायचं," तो म्हणाला. एवढं सांगेपर्यंत त्याचा नवा मोबाइल दोनदा वाजला, आणि दोन्ही वेळा तो आपलं रिकामं डोकं घेऊन अंगणात बोलायला गेला.

अडचण एवढीच होती की मांडवावरच्या केळ्यांचा तो तिसरा दिवस होता. कुंपणापलीकडचा बर्नार्ड आपणहून आला.

"जा रे जयवंता. मी फिरवतो तुझी केळी. माझ्या आज्यानं पण हेच केलंय."

"तुझ्या आज्याचा हात चांगला होता."

"आणि माझा?"

"तू भाजी उपटतोस ना, तसा केळ्याला हात घालतोस. डाग पडतो."

"मग घेऊन जा डोक्यावर!" बर्नार्ड हसत म्हणाला.

थट्टा कुणाजवळ करावी याला काही धरबंध असावा. दुसऱ्या दिवशी पहाटे भाड्याची जीप दारात उभी राहिली, तेव्हा आशालताबाईंची एक बॅग, मुलगा-सुनेच्या दोन, आणि केळीच्या पानांनी झाकलेल्या दोन मोठ्या टोपल्या, असं सामान ओटीवर होतं.

"हे काय?" आशालताबाईंनी विचारलं.

"वाटेत खायला."

"तीनशे केळी?"

"लांबचा प्रवास आहे," जयवंत म्हणाले आणि टोपल्यांना हात लावू न देता स्वतः आत ठेवल्या. सून उन्नती घाटभर पाय वर घेऊन बसली.

महाबळेश्वरच्या हॉटेलचा मॅनेजर भला माणूस. पाहुण्यांना गरम पाणी, वर्तमानपत्र, घोडेवाला, सगळं मिळवून द्यायची त्याला सवय होती. पण गच्ची मागणारा पाहुणा त्यानं पहिल्यांदाच पाहिला.

"काका, इथं माकडं फार आहेत."

"आमच्याकडं कावळे, खारी, वटवाघळं, सगळी येतात," जयवंत म्हणाले. "एक काठी द्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी दरीतलं धुकं सुटलं, डोंगर एकामागून एक निळे होत गेले, आणि सबंध महाराष्ट्रातून आलेली माणसं ते पाहायला कडेकडेनं उभी राहिली. जयवंत त्यांच्याकडे पाठ करून, चादरीवर केळी मांडत होते. इथलं ऊन त्यांना पसंत पडलं नाही. "दिसायला ऊन आहे, पण अंगात काही नाही त्याच्या," त्यांनी मॅनेजरला सुनावलं, जणू ऊन त्यानंच भरलं होतं.

आशालताबाई सुनेबरोबर पॉइंट पाहून आल्या. हर्षवर्धन हॉटेलच्या फाटकाजवळच्या एका दगडावर उभा होता, कारण मोबाइलला आवाज तेवढ्याच जागी येत होता. दोन दिवसांत त्याला तो दगड इतका पाठ झाला, की घोडेवाले त्याला तिथलाच समजू लागले.

तिसऱ्या दिवशी दुपारी आशालताबाई गच्चीवर आल्या. ठेवणीतलं जांभळं लुगडं नेसल्या होत्या.

"उद्या निघायचं. आज सूर्यास्ताला येता का?"

"ऊन उतरेपर्यंत केळी कशी सोडू?"

"सूर्यास्त ऊन उतरल्यावरच होतो हो."

बाईंचं तोंड जयवंतांनी पस्तीस वर्षांत प्रथमच नीट पाहिलं असावं. काठी खाली ठेवली आणि दगडावरच्या मुलाला हाक मारून वर बोलावलं. "हर्षा, तासभर बस इथं. हलायचं नाही."

"बाबा, तुम्ही निवांत जा," हर्षवर्धन म्हणाला. "सुट्टी आहे."

ते दोघं पॉइंटवर पोचले. सूर्य दरीच्या काठावर टेकला होता, आशालताबाई कठड्याशी बसल्या होत्या, आणि जयवंत त्यांच्या शेजारी. बसले मात्र ते मांडवाच्या बांबूसारखे ताठ. "आता चादर गोळा केली असेल ना त्यानं?" एवढं ते चारदा म्हणाले. सूर्य पुरता बुडायच्या आत उठले.

गच्चीवर हर्षवर्धन नव्हता. साहेबांचा फोन आला म्हणून तो दगडावर गेला होता. चादरीवर सात-आठ माकडं पंगतीला बसावी तशी बसली होती. घाई नाही, भांडण नाही. एकीनं तर पिल्लाला भरवलंसुद्धा.

मागोमाग गच्चीवर आलेल्या उन्नतीनं ओरडायला तोंड उघडलं. जयवंतांनी तिला हातानं थांबवलं. काठी उचललीच नाही. चादरीची रिकामी कड बघितली आणि म्हणाले, "कडेची आधी संपवली. कडेची चांगली वाळली होती."

हर्षवर्धन धावत आला. "बाबा, फक्त पाच मिनिटं हो! साहेब म्हणाले..."

"साहेबांना सांग, सुट्टी म्हणजे सुट्टी," आशालताबाई म्हणाल्या.

चौथ्या दिवशी गाडी दुपारनंतर निघणार होती. जयवंतांजवळ करण्यासारखं जगात काही उरलं नव्हतं. आशालताबाई त्यांना पुन्हा त्याच पॉइंटवर घेऊन गेल्या. वाटेत त्यांनी स्ट्रॉबेरीचा पुडा घेतला.

अर्धा तास जयवंत उठले नाहीत. दरीकडे पाहिलं, निळ्या डोंगरांकडे पाहिलं, एकदा बायकोकडेही पाहिलं. हात मात्र मांडीवर चुळबुळत होते. शेवटी त्यांनी खिशातून रुमाल काढला, दोघांच्या मधे पसरला आणि पुड्यातली एकेक स्ट्रॉबेरी देठ काढून त्यावर ओळीनं मांडली. दोन ओळींत दोन बोटांचं अंतर. थोड्या वेळानं त्या सगळ्या हलक्या हातानं, डाग न पडू देता, उलटल्या.

आशालताबाईंनी एक उचलून तोंडात टाकली.

"अगं, थांब. अजून ऊन लागायचंय त्यांना."

"लागू दे," म्हणत त्यांनी दुसरी उचलली. मग तिसरी. जयवंत राहिलेल्या ओळी सारख्या करत तिथंच बसून राहिले.