उपासाच्या दिवशीचा गूळ

स्पिरिटचा वास आला की सोलापुरातली आमची गिरणीजवळची चाळ आणि श्रावणातला एक सोमवार आठवतो. आई गेलेली, घरात वडील आणि नऊ वर्षांची मी. मधुमेहावरची सुई तेव्हा नवीनच निघाली होती. सकाळी कंपाउंडर ती टोचून गेला आणि वडिलांनी नेहमीसारखा कडक उपास धरला. दुपारी त्यांना दरदरून घाम फुटला, हात कापायला लागले. "पोरी, गुळाचा खडा दे की," ते म्हणाले. गोड म्हणजे त्यांना विष, एवढंच मला ठाऊक. "न्हाय देणार," म्हणून मी डबा पोटाशी धरून बसले. त्यांनी पुन्हा मागितला, मग त्यांचं बोलणंच थांबलं. मी धावत जाऊन कंपाउंडरला आणलं. "सुई टोचल्यावर उपाशी ठेवलंस व्हय?" तो गुळाचं पाणी पाजत ओरडला. "रक्तातली साखर उतरली तर धडधाकट माणसाचं अंग आपणच सावरून घेतं. यांचं न्हाय सावरत, आन् सुई तर खालीच ओढती." बऱ्याच वेळानं वडिलांनी डोळे उघडले. "उपास मोडला की गं," एवढंच म्हणाले. आता ती सुई मी स्वतःला टोचून घेते. गुळाचा डबा उशाशी असतो, आणि तो पोटाशी धरून "न्हाय देणार" म्हणणारं घरात कुणी नाही.