कोरडी चकती

म्हैसुरातल्या मंडी मोहल्ल्यातल्या नागोजीरावांचे पणजोबा तिथल्या राजाच्या घोडदळात होते. हे ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत आणि पुरावा म्हणून भिंतीवरच्या तलवारीकडे बोट दाखवत. स्वतः त्यांच्या हातात मात्र जन्मभर पाना आणि हातोडा. उमेदीची वर्षं बेळगोळच्या एका कारखान्यात फिटर म्हणून गेली. एकोणीसशे ऐंशीच्या सुमारास तो कारखाना बंद पडला, तेव्हा घरामागच्या अंगणात त्यांनी पत्र्याची शेड ठोकली आणि इंजिनं, पंप, पिठाच्या गिरण्या दुरुस्त करायला घेतल्या.

जड इंजिन उचलायचं तर वर काहीतरी भक्कम हवं. घराच्या सागवानी तुळईलाच साखळी बांधा की, असं शेजाऱ्यांनी सुचवलं, तर नागोजीराव खवळलेच. तुळई छप्पर धरायला असते, इंजिन धरायला नव्हे! त्यांनी दोन बाजूंना लोखंडी खांब काँक्रीटमध्ये गाडले, त्यांवर आडवा गर्डर टाकला, गर्डरवर सरकती ट्रॉली बसवली आणि ट्रॉलीला चेनब्लॉक टांगला. हाताने साखळी ओढली की भार इंचाइंचाने वर जाई आणि हात काढला तरी जागच्या जागी थांबे. तो थांबतो आतल्या ब्रेकमुळे. दोन कोरड्या चकत्या एकमेकींना घट्ट धरून बसतात, तेही कोरड्या असतील तोवरच, एवढीच त्याची करामत. पहिल्यांदा वाळूची पोती टांगून त्यांनी रात्रभर तशीच ठेवली. सकाळी पोती केसभरही उतरली नव्हती, तेव्हा कुठे त्यांनी कॉफी घेतली.

हाताखाली मेहुणा होता, नरसिंगराव. आई लवकर गेली म्हणून नागोजीरावांच्या बायकोने, भवानीबाईंनी, या भावाला कडेवर घेऊन वाढवलेलं. स्वतःला मूल झालं नाही, त्यामुळे सगळी माया त्याच्यावर. तिशीतला झाला तरी त्याच्या ताटात तूप त्याच वाढायच्या. नागोजीरावांनी त्याला पहिल्या दिवशीच बजावलं होतं, की भार हातभर उचलायचा, थांबायचं, आणि त्याच्याखाली कुणी म्हणजे कुणी जायचं नाही. ते स्वतः डोळ्यांत तेल घालून बघत.

दसऱ्यात आयुधपूजेच्या दिवशी घरातली तलवार खाली उतरे. भवानीबाई तिला तिळाचं तेल लावत, मग हळदकुंकू. आयुध त्या दिवशी कोरडं राहू नये, अशी त्या घराची रीत. त्या वर्षी नागोजीरावांनी सकाळी चेनब्लॉक उतरवला, पेट्रोलने धुतला, आतल्या चकत्या वाळाव्यात म्हणून झाकण उघडं ठेवलं आणि कोहळा नि शेवंती आणायला बाजारात गेले. परत आले तर शेडमधलं एकूण एक हत्यार हळदकुंकवाने सजलेलं. मन भरून आलं त्यांचं. दुसऱ्या दिवशी नरसिंगरावाने झाकणाचे स्क्रू आवळले आणि चेनब्लॉक वर टांगला.

दसरा सरताच एक गिरणीवाला इंजिनासाठी येऊन डोक्यावर बसला. नागोजीरावांनी इंजिन हातभर उचललं, थांबले. साखळी हलली नाही. गिरणीवाला घाई करत होता, म्हणून आणखी उचललं.

"भावोजी, सुम्मने, उगीच जरा हा ठोकळा सारतो हं खाली," नरसिंगराव म्हणाला आणि वाकला.

"अरे, नको!" म्हणेपर्यंत वर खर्रकन आवाज झाला. नागोजीराव साखळीला झोंबले. तळहातांची कातडी सोलून निघाली, इंजिन काही थांबलं नाही. इस्पितळात पोचण्याआधीच नरसिंगराव गेला.

तेरावा झाल्यावर नागोजीरावांनी चेनब्लॉक उतरवून उघडला. एखादा दात तुटला असेल, असं त्यांना वाटलं होतं. पण चकत्या तेलाने माखलेल्या होत्या. तेलात हळद होती. त्यांनी बोट नाकाशी नेलं. तिळाचं तेल.

सगळं एका क्षणात कळलं. कळलं नसतं तर बरं, असं वाटून ते शेडच्या दाराला आतून कडी लावून रडले. मग चकत्या पुसल्या आणि ते फडकं न्हाणीच्या चुलीत टाकलं.

"माझीच चूक," त्यांनी सगळ्यांना सांगितलं. "भार जास्त झाला. मी तपासलं नाही." तसं हे अगदीच खोटं नव्हतं. टांगण्याआधी झाकण उघडून बघायला त्यांचे हात कुणी धरले होते?

भवानीबाई एकदाच बोलल्या. "माझ्या तम्माला, धाकट्या भावाला, तुम्ही खाल्लं." त्यानंतर अबोला. ताट पुढे सरकवायच्या आणि आत निघून जायच्या. सासरवाडीची माणसं रस्ता बदलायला लागली. नागोजीरावांनी सगळं मुकाट्याने सोसलं. रोज जिभेवर यायचं, सांगून टाकावं. पण सांगितलं तर आपला तिरस्कार करायचं सोडून ती स्वतःचा करील, आणि ते त्यांना बघवलं नसतं.

वर्ष गेलं. आयुधपूजेला नागोजीरावांनी सवयीने चेनब्लॉक धुऊन उघडा ठेवला होता. दारात पावलं वाजली. भवानीबाई तेलाची वाटी घेऊन उभ्या होत्या.

"साकु, पुरे झालं आता," त्या हळूच म्हणाल्या. "तुम्ही काही मुद्दाम केलं नाही, अल्वा, हो ना? मीच वर्षभर मनात धरून बसले." त्या पुढे आल्या. "बघा कसं सुकून गेलंय हे. एण्णे घालते."

वाटी चकत्यांवर कलली.

"नको, बेडा! एण्णे बेडा त्याला!" नागोजीराव किंचाळले आणि त्यांनी तिचं मनगट धरलं. वाटी पडली, तेल जमिनीवर सांडलं.

"का?"

काहीही सांगता आलं असतं. मीच घातलंय म्हणायचं, लुगडं खराब होईल म्हणायचं. पण ते तिचं मनगट धरूनच राहिले.

"गेल्या साली तर मीच..." म्हणता म्हणता भवानीबाई थांबल्या. त्यांनी चकत्यांकडे पाहिलं, मग नवऱ्याच्या तोंडाकडे.

"तसं नव्हे गं, भार जास्त झालेला, मी..."

त्या वाटी उचलून आत गेल्या.

घालू दिलं असतं तिला, तर काय बिघडलं असतं? पेट्रोलने पुसून काढलं असतं मागाहून. वर्षभर पोटात ठेवलं आणि एका ओरडण्यात घालवलं! नागोजीराव सांडलेल्या तेलाशेजारी बसून राहिले.

त्या दिवशी भवानीबाईंनी वर्षानंतर त्यांच्या पानाशी बसून वाढलं. भावाला तुम्ही खाल्लंत, असं पुन्हा कधी त्यांनी म्हटलं नाही. नागोजीराव मात्र मरेपर्यंत तेच एक वाक्य ऐकायला आसुसलेले राहिले.